स्टोव्हच्या पिनेची कुळकथा

पत्र्याची बोटभर पट्टी आणि तिच्या टोकाला काटकोनात बसवलेली केसाएवढी तार: स्टोव्हची पिन म्हणजे इतकेच. पण या पिनेचे माहेर थेट स्वीडनचे.

1892 साली स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने बिनवातीचा, भांड्याला काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह बनवला. तोच प्राइमस. पितळी टाकीत पंपाने हवा भरायची; त्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, ती निपलच्या बारीक भोकातून सुसाट सुटते आणि हवेत मिसळून निळी जळते. बर्नर आधी तापवायला स्पिरिटचा काकडा. खोड होती ती या तापण्यातच. भांड्याची काजळी वाचली, पण तापल्या रॉकेलचा कार्बन निपलच्या तोंडाशी साचू लागला. मग ज्योत पिवळी पडायची, फुरफुरायची, एका अंगाला कलायची. त्यासाठी पिन आली. वातीच्या स्टोव्हला तिची गरज कधीच पडली नाही.

पिनेने निपल साफ करण्याचे काम बहुधा घरातल्या बाईकडेच असे. जळत्या स्टोव्हलाच पिन मारणारे धीट हात घरोघरी होते. नेम चुकून ज्योत विझली, की वाफेचा पांढरा फवारा उडे आणि दोन खोल्यांत रॉकेलचा वास कोंदे. तार निपलमध्येच मोडली तर पाना शोधण्यावाचून गत्यंतर नसे. पंप पोकळ लागू लागला, तर दोष चामड्याच्या वायसरचा: काढायचा, गोडेतेलात मुरवायचा, कडा बोटांनी फाकवून परत बसवायचा. एवढी दुरुस्ती ज्या घरात येत नसे, तिथला चहा शेजारणीच्या भरवशावर.

1950च्या दशकात मुंबईत सिलिंडरचा गॅस आला. तो टाकीतूनच वायुरूपात बाहेर येतो, त्यामुळे रॉकेलसारखा कार्बन जेटपाशी साचत नाही. पिनेची गरज संपली, सवय मात्र राहिली. आजही ज्योत पिवळी झाली की हात सेफ्टी पिनेकडे जातो. बर्नरच्या भोकांत उतू गेलेले दूध अडकले असेल तर साबणाच्या गरम पाण्यात भिजवून ती जरूर टोकरा, आणि बर्नर पूर्ण वाळवूनच परत ठेवा. खालच्या पितळी जेटला मात्र हात लावू नका. जाड सुईने त्याचे भोक मोठे झाले, तर गॅस जास्त जाईल आणि भांडी काळी होतील. तिथे मेकॅनिकलाच बोलवा.