घोडबंदर : भरतीची वाट पाहणारे ठाणे

‘घोडबंदर’ हे नाव आज कानी पडते ते बहुधा वाहतूककोंडीच्या बातमीत. नावातले ‘बंदर’ मात्र रस्त्याचे नव्हे, पाण्याचे आहे. रस्त्याला ज्या गावाने नाव दिले ते गाव उल्हास नदीच्या काठी होते, आणि होड्यांनी तिथे थांबावे यातच त्याचे सारे महत्त्व होते.

आधी नकाशा ध्यानात घ्यावा. सह्याद्रीतून निघालेली उल्हास कल्याणवरून ठाण्याच्या उत्तरेला येते, तिथून पश्चिमेला वळते आणि साष्टी बेटाला वरून वळसा घालून समुद्राला मिळते. या शेवटच्या पट्ट्याला वसईची खाडी म्हणतात. ठाण्याकडून निघाल्यास डाव्या हाताला क्रमाने नागला बंदर, घोडबंदर आणि भाईंदर लागते. त्यापुढे राई, मुर्धे, मोरवा ही मिठागरांची व मासेमारीची गावे येतात, आणि अगदी मुखाशी धारावीचा डोंगर. (मुंबईतली धारावी वेगळी.) समोरच्या काठावर वसईचा किल्ला.

ही नदी नावापुरती नदी. इथे सत्ता भरती-ओहोटीची. वसईहून ठाण्याला निघालेला पडाव भरतीच्या पाण्यावर सहज आत सरके. सुमारे सहा तासांनी पाणी फिरले की तांडेलापुढे दोनच मार्ग उरत : प्रवाहाशी झुंजायचे किंवा काठ गाठून नांगर टाकायचा. म्हणून वाटेत ठाणे हवे. जिथे होड्या थांबतात तिथे जकात घेता येते, झडती घेता येते, निरोप पुढे धाडता येतो. आणि हे सारे ज्याच्या हाती तो नदीचा धनी.

पोर्तुगीजांना ही विद्या अवगत होती. त्याच साम्राज्याची सेना आणि तेते ही ठाणी आफ्रिकेत झांबेझी नदीवर सोळाव्या शतकातच उभी राहिली. त्यांचा आणि या किनाऱ्याचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चाले. गुजराती कापड झांबेझीच्या वाटेने आत जाई आणि हस्तिदंत परत येई. तिथे होडीला अडवी ती उथळ वाळू, इथे ओहोटी. नदीकाठच्या ठाण्याचा हिशोब दोन्हीकडे सारखाच होता.

डिसेंबर 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. वसई त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली, आणि खाडी तिची देवडी. घोडबंदरच्या टेकडीवर त्यांनी किल्ला बांधला. इथे अरबी घोडे उतरत म्हणून घोडबंदर, अशी नावाची फोड सर्रास सांगितली जाते. ती अशक्य नाही. पण सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी घोड्यांचा व्यापार मुद्दाम गोव्याकडे वळवला होता, हे विसरून ती सांगू नये.

या पाण्याची खरी किंमत कळली ती चिमाजी अप्पांच्या मोहिमेत. वसईला तीन बाजूंनी पाणी, आणि समुद्रावर पोर्तुगीज आरमार प्रबळ. अशा किल्ल्याला नुसता वेढा घालून भागणारे नव्हते. त्याच्या पाणवाटा तोडाव्या लागणार होत्या. 1737 मध्ये ठाणे आणि साष्टी मराठ्यांच्या हाती आली. घोडबंदरही गेले, आणि खाडीचे वरचे तोंड मिटले. राहिले खालचे. तिथे धारावीचा डोंगर थेट वसईकडे पाहत उभा आहे. त्यावर तोफा चढल्या की मुखातून शिरणारे प्रत्येक गलबत माऱ्यात येते. म्हणूनच या ठेंगण्या डोंगरासाठी दोन्ही पक्ष हट्टाने झगडले, तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला, आणि 1739 च्या आरंभी मराठ्यांनी तो कायमचा घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात वसई शरण आली. सुरुंगांनी बुरूज उडाले ही हकिकत सर्वांना पाठ असते. मोरव्याच्या मागचा डोंगर त्या हकिकतीत क्वचितच येतो. वसईच्या विजयाचा अर्धा मान तरी त्याला द्यायला हवा.

पुढचा अध्याय याहून विसरला गेला आहे. डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी बळकावली. 1782 च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. वसई मात्र पेशव्यांना परत मिळाली. परिणामी 1817 पर्यंत ही खाडी दोन राज्यांची सीमा होती : घोडबंदर कंपनीचे, पलीकडचा काठ पेशव्यांचा. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेचा तह केला तो वसईतच. पुण्यातून पळालेल्या पेशव्याला इंग्रजांच्या मुलखापासून जेमतेम एका खाडीच्या अंतरावर आसरा सापडावा, यात त्या तहाचे अर्धे मर्म आहे.

1817 नंतर दोन्ही काठ एकाच सत्तेखाली आले आणि नाक्याचे काम सरले. मुक्काम उरला होता, तो आगगाडीने संपवला. 1853 मध्ये मुंबईहून ठाण्याला गाडी गेली. 28 नोव्हेंबर 1864 रोजी ग्रँट रोड ते सुरतेजवळचे उत्राण हा मार्ग खुला झाला. त्याने खाडी ओलांडली ती घोडबंदरला नव्हे, तर कित्येक मैल पश्चिमेला, भाईंदरला. लोखंडी पुलाला भरतीची वाट पाहावी लागत नाही. घोडबंदरचा धक्का मागे पडला आणि भाईंदरचे स्थानक वाढत गेले. पुढे महामार्गानेही घोडबंदरजवळच खाडी ओलांडली, पण पुलावरून. खालच्या पाण्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये पाणजू नावाचे बेट आहे. रेल्वेचे दोन पूल त्याच्या दोन अंगांना टेकले आहेत. गाड्या बेटावरून धावतात, पण तिथे थांबत नाहीत. पाणजूची माणसे दशकानुदशके होडीनेच खाडी ओलांडत आली आहेत.