तंबूतली शिदोरी



गेल्या दिवाळीत माझ्या अठरा वर्षांच्या नातीनं माझ्या हातचा बेसनाचा लाडू उचलला, नाकाशी नेला आणि पुन्हा ताटलीत ठेवला. "आजी, यात तूप आहे ना? मी आता दुधाचं काही खात नाही." लहानपणी याच लाडवासाठी ती माझ्या पदराला लोंबकळायची. मी फटकन म्हणाले, "आपल्या धर्मात दूध चालतं. तू कुठला नवा धर्म काढलास?" ती गप्प बसली. नंतर चार दिवस घरात नीट बोलणं नव्हतं.

महिन्याभरानं तिचाच फोन आला. मैत्रिणींबरोबर राजमाचीला दोन रात्री तंबूत राहायला जायचं ठरलं होतं. तिथलं जेवण कांदा-बटाट्याचं, तेही रात्री नऊला. "आजी, बिनदुधाचं, टिकणारं आणि आपल्याला चालेल असं काही सांगशील?" मुलीनं माझा राग विसरून माझ्याकडेच मागितलं, याचं बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. कारण तंबू म्हटल्याबरोबर मला माझ्याच दशम्या आठवल्या.

माझं लग्न डिसेंबर १९८० मधलं. बी. कॉम.चा निकाल हातात आला आणि पाठोपाठ अक्षता पडल्या. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९८१ मध्ये, श्रवणबेळगोळला गोमटेश्वराचा महामस्तकाभिषेक होता. बारा वर्षांनी येणारा हा सोहळा त्या वेळी आणखी मोठा होता, कारण मूर्तीच्या प्रतिष्ठेला हजार वर्षं पूर्ण झाली होती. गंग राजाचे मंत्री आणि सेनापती चामुंडराय यांनी ती मूर्ती इ. स. ९८१ मध्ये उभारली असं मानतात. गावात एवढी माणसं मावणार कुठं? म्हणून यात्रेकरूंसाठी तंबूंची नगरंच उभी केली होती. आमच्या गावच्या मंडळींनी बस ठरवली. त्यात आजेसासूबाई, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि शेजारपाजारची निम्मी गल्ली होती.

माझ्या आईनं मला मुद्दाम माहेरी बोलावून दुधात मळलेल्या दशम्या करून दिल्या. प्रवासाला दशमी म्हणजे आमच्याकडचा मान. पहिल्या मुक्कामाला मी मोठ्या हौसेनं डबा उघडून आजेसासूबाईंपुढं धरला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू खा बाळ. मला कालचं चालत नाही." मग आपल्या पिशवीतून लाह्यांच्या पिठाची पुरचुंडी काढली, त्यात गूळ कुस्करला, फिरकीच्या तांब्यातलं उकळून गार केलेलं पाणी घातलं आणि कालवून खाल्लं. भरल्या बसमध्ये माझ्या आईच्या दशम्या नाकारल्या, असंच मला वाटलं. रात्री तंबूत तोंडावर पांघरूण घेऊन मी रडले होते.

त्यांचा हिशेब मला पुढं कळला. मी कॉमर्सची, त्यामुळे हिशेब म्हणूनच सांगते. आपल्यातल्या जुन्या बायकांना हे पाठ असे, पण आता लिहून ठेवायची वेळ आली आहे.

दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस. पाण्याचा हात न लागलेल्या कोरड्या पदार्थांना हीच मर्यादा. पाण्यात मळलेल्या पोळी-भाकरीला १२ तास, वरण-भाताला ६ तास. दूध काढल्यापासून ४८ मिनिटांच्या आत तापवायचं, आणि तापवलेलं दूध २४ तासांच्या आत संपवायचं. गाळलेलं पाणी ४८ मिनिटं, लवंग वगैरे घालून प्रासुक केलेलं ६ तास, खळखळ उकळलेलं २४ तास. श्वेतांबर मैत्रिणींकडे मिठाईसाठी वेगळी गणना आहे: हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २०, पावसाळ्यात १५. आकडे निराळे, पण विचार एकच. ओल आली की जीवोत्पत्ती आली, आणि ऊन-पावसाप्रमाणे ती लवकर किंवा उशिरा येते. फ्रीज नव्हता तेव्हाचं हे अन्नशास्त्रच होतं.

आता हे आकडे घेऊन बैलगाडीतून पंधरा दिवसांच्या यात्रेला निघालेल्या बाईच्या जागी बसून बघा. वाटेत दूध कुणाचं, कधी काढलेलं, कुणाच्या भांड्यातलं, हे तिला कळणार कसं? ४८ मिनिटांचा नेम पाळायचा कसा? दही-ताक मिळालं तरी द्विदल आडवं येतं. कच्च्या दुधा-दह्याबरोबर डाळ चालत नाही, आणि शिदोरीत तर डाळं आणि हरभराच जास्त. म्हणजे कडक नेमाच्या बाईच्या शिदोरीतून दूध आणि दही आपोआप बाहेर पडत होतं. उरत होतं ते भाजलेलं धान्य, डाळं, गूळ, तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं आणि कोरड्या चटण्या. तूप मात्र असायचं, ते लपवण्यात अर्थ नाही. चव-वास बदलेपर्यंत तूप चालतं, म्हणून लहानशी बरणी प्रत्येक ट्रंकेत असे. आपल्या आज्या-पणज्या व्हीगन होत्या असं मी म्हणणार नाही. पण बिनदुधाचं खाऊन आठवडा काढणं त्यांना अवघड नव्हतं.

दूध-तूप सोडण्याची रीतही आपल्याकडे नवी नाही. बाह्य तपांपैकी एक तप रसपरित्याग. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या सहांपैकी एक किंवा अनेक रस ठरावीक काळ सोडायचे. श्वेतांबरांच्या आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर सगळंच वर्ज्य. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात मद्य, मांस आणि मधाचा त्याग श्रावकाच्या आठ मूलगुणांत आहे. त्याच ग्रंथात मुळा आणि ओल्या आल्याबरोबर लोणीही टाळायला सांगितलं आहे. नातीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मध तर आम्हीही खात नाही!" म्हटलं, चला, एका खात्यात तरी शिल्लक जुळली.

पण नातीशी माझी खरी समेट घडवली ती बनारसीदासांनी. समयसार नाटक लिहिणारे पंडित बनारसीदास आपल्याला स्वाध्यायातून माहीत असतात. त्यांनी १६४१ मध्ये अर्धकथानक नावाचं आत्मचरित्र लिहिलं. माणसाचं आयुष्य एकशे दहा वर्षांचं धरून आपण पंचावन्न वर्षांची अर्धी कथा सांगतो आहोत, म्हणून हे नाव. त्यात १६०४ सालची हकीकत आहे. हिरानंद मुकीम नावाच्या धनाढ्य जवाहिऱ्यानं सम्मेदशिखरजीचा मोठा संघ काढला. बनारसीचे वडील खरगसेन त्या संघाबरोबर गेले. परतीच्या वाटेवर संघातले कितीतरी जण आजारी पडले, काही दगावले, आणि खरगसेनही आजारी होऊनच घरी आले. तेव्हाची यात्रा म्हणजे जिवावरची गोष्ट होती. फिरकीचा तांब्या, गाळण्याचं दुहेरी कापड आणि उकळलेलं पाणी यांच्यावर आजेसासूबाईंचा एवढा भर का होता, हे मला ते वाचताना उमगलं.

आणि वडील यात्रेला गेलेले असताना मुलगा घरी काय करत होता? त्यानं नेम घेतला, की बनारसला जाऊन पार्श्वनाथांचं दर्शन घेईपर्यंत दूध, दही, तूप, तांदूळ, हरभरा, तेल, विडा असं काही शिवायचं नाही. कित्येक महिने त्यानं तो पाळला आणि मग बनारसची यात्रा केली. त्याचा जन्म १५८६ चा. मैत्रिणींनो, वजाबाकी करा. वय अठरा! माझ्या नातीएवढं. त्या आधी तो काही फार शहाणा मुलगा होता असं नाही, आपले सगळे उद्योग त्यानं स्वतःच लिहून ठेवले आहेत. पण अठराव्या वर्षी त्यानं दूध-तूप सोडलं तेव्हा त्याला कुणी "नवा धर्म काढलास का" असं विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

दोघांच्या कारणांत फरक आहे, तोही सांगते. बनारसीचा नेम जिभेवरच्या ताब्याचा आणि दर्शनाच्या ओढीचा होता. नातीचं कारण गाय आणि वासरू. व्हीगन हा शब्द इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये घडवला. आधीचे शाकाहारी दूध-अंडी घेत, यांना तेही नको होतं. "आजी, वासराच्या वाटचं दूध काढून घेणं ही हिंसाच ना?" असं नात विचारते. आमच्या परसात गाय होती तेव्हा वासरू आधी पोटभर प्यायचं, मग आमची धार निघायची. आता दूध पिशवीतून येतं. त्या वासराचं काय झालं हे मला माहीत नाही, आणि इतकी वर्षं मी ते विचारलंही नव्हतं. मी दूध सोडलेलं नाही. चहा माझा सुटायचा नाही. पण तिला उत्तर देताना माझा आवाज आता चढत नाही.

श्रवणबेळगोळची गुळ्ळकायज्जीची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. चामुंडरायांनी घड्यांनी दूध ओतलं, पण ते मूर्तीच्या खालपर्यंत पोचेना. मग एका गरीब म्हातारीनं फळाच्या टरफलात आणलेल्या एवढ्याशा दुधानं सगळी मूर्ती न्हाऊन निघाली. १९८१ मध्ये सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढून वर गेल्यावर आजेसासूबाई त्या म्हातारीच्या मूर्तीपाशी खूप वेळ हात जोडून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "बघ, किती आणलं ते कुणी मोजलं नाही." बसमध्ये माझा डबा आपण परत केला हे त्यांच्या मनात असावं. उतरताना त्यांनी माझा हात धरला तो शेवटच्या पायरीपर्यंत.

त्या वेळची सामानाची यादी सासऱ्यांच्या वहीत आहे. ती समोर ठेवूनच मी नातीचा डबा भरला. तुमच्याही मुली-नातवंडं तंबू ठोकायला जात असतील, म्हणून सांगते.

सातूचं पीठ: चार वाट्या गहू आणि दोन वाट्या डाळं वेगवेगळं खमंग भाजून दळायचं, त्यात वेलदोडा आणि सुंठ. ओलं आलं नाही, सुंठच. खाताना गूळ आणि पाणी घालून कालवायचं. चूल लागत नाही, सकाळची भूक भागते.

लाडू: दोन वाट्या भाजलेले शेंगदाणे, अर्धी वाटी भाजलेले तीळ आणि सव्वा वाटी गूळ एकत्र कुटायचं. शेंगदाण्याच्याच तेलावर लाडू वळतात, तुपाची गरज पडत नाही.

तिखट चुरमुरे: तेलात मोहरी, हिंग, कढीलिंब, हळद, तिखट, शेंगदाणे आणि डाळं. लसूण नसला तरी भडंगाची चव येते. कढीलिंब कुरकुरीत होऊ द्यायचा, ओला राहिला तर सगळं सादळतं.

कोरडी चटणी: कारळे किंवा तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ. बरोबर कोरडे खाकरे. कडक नेम नसलेल्यांनी ज्वारीची कडक भाकरी न्यावी.

खिचडीची पुडी: दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ निवडून, कोरडी भाजून, जिरे-हळद-मीठ घालून बांधून द्यायची. तिथं तेलाची फोडणी, उकळतं पाणी, आणि सूर्य मावळायच्या आत जेवण. नंतर शेकोटीभोवती गाणी म्हणायला ती मोकळी.

विकतची बिस्किटं आणि पौष्टिक वड्या घेतल्या तर पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. दुधाची भुकटी आणि मध तिथंच लपलेले असतात.

नात राजमाचीहून परत आली ती रिकामा डबा घेऊन. मैत्रिणींनी सातूचं पीठ कसं करायचं ते लिहून मागितलं होतं. मी विचारलं, "लाडू पुरले का?" तर म्हणाली, "पुरले कुठले! पुढच्या वेळी दुप्पट दे." या दिवाळीत बेसनाचे लाडू मी तुपातलेच करणार आहे, घरच्यांना तेच हवे असतात. पण त्यांच्या शेजारी शेंगदाण्याच्या लाडवांचा दुसरा डबा असेल, आणि तिला तो मागावा लागणार नाही.