न्यायासनाची सोडत

खटल्याचा निकाल न्यायाधीश देतो. परंतु तो खटला त्याच न्यायाधीशापुढें कां यावा, हें कोणी ठरवावें? ज्याच्या हातीं ही निवड, त्याच्या हातीं निकालाचें अर्धें माप. हा धोका प्राचीन अथेन्स नगरीस अनुभवानें कळला.

तेथें ३० वर्षांवरील ६,००० नागरिक दरसाल न्यायपंच नेमले जात. मोठ्या सार्वजनिक गुन्ह्याच्या खटल्यास त्यांतील ५०० च्या वर पंच बसत. प्रारंभीं कोणता पंच कोणत्या न्यायालयांत बसणार, हें आगाऊ ठाऊक असे. मग लांच देणारास श्रम ते कितीसे? ॲरिस्टॉटलच्या नांवावरील अथेन्सच्या राज्यघटनेच्या ग्रंथांत म्हटलें आहे कीं, पायलॉस येथील अपयशाबद्दल खटला झाला तेव्हां ॲनिटस यानें पंचांस लांच देऊन सुटका करून घेतली व ही वाईट चाल पाडली. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्यें सॉक्रेटिसावर फिर्याद आणणाऱ्यांत हाच गृहस्थ होता!

पुढें ख्रिस्तपूर्व चवथ्या शतकांत अथेन्सकरांनीं पक्का बंदोबस्त केला. खटल्याच्या दिवशीं सकाळीं प्रत्येक पंच आपल्या नांवाची पट्टी घेऊन येई. दगडी सोडतयंत्राच्या खांचांत त्या पट्ट्या ओळीनें लावीत. बाजूच्या नळींतून पांढरा ठोकळा पडला तर ती ओळ निवडली जाई. काळा पडला तर त्या ओळीनें घरीं जावें. निवडलेला पंच भांड्यांतून एक गोटी काढी. तिच्यावरील अक्षर त्याचें न्यायालय सांगे. त्या न्यायालयाच्या रंगाची काठी त्याच्या हातीं देत, म्हणजे तो भलत्याच दारांत शिरावयास नको. कोणत्या न्यायालयांत कोणत्या अधिकाऱ्यानें अध्यक्ष व्हावें, हेंही सोडतीनेंच ठरे. लांच द्यावयाचा तरी कोणास?

या व्यवस्थेंत स्त्रिया, गुलाम व परकीय यांस पंचाचें आसन नव्हतें, हा तिचा दोष विसरतां येत नाहीं. शिवाय सोडतीनें न्याय शहाणा होत नाहीं. तो विकत घेणें मात्र कठीण होतें.

आपल्याकडेंही हा प्रश्न जुना झालेला नाहीं. १२ जानेवारी २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या चार ज्येष्ठ न्यायाधीशांनीं खटल्यांच्या वांटपाबद्दल जाहीरपणें असमाधान व्यक्त केलें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत त्या न्यायालयानें वांटपाचा अधिकार सरन्यायाधीशांचाच असल्याचा निर्वाळा दिला. अधिकार कोणाचाही असो; आरोपी, फिर्यादी आणि सरकार यांपैकीं कोणासही आपला न्यायाधीश निवडतां येऊं नये, ही अथेन्सची शिकवण आजही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.