पात्यातली खाच

दाढीचं दुधारी ब्लेड कागदातून सोडवून उजेडासमोर धरा. मधोमध एक लांब खाच दिसेल, कुठे रुंद, कुठे अरुंद. चारही कोपरे थोडे छाटलेले. ठाण्यात घेतलेलं पाकीट कुंभकोणमच्या दुकानातून आणलेल्या रेझरला चालतं आणि आजोबांच्या ट्रंकेतल्या रेझरलाही. ब्लेड देताना ‘रेझर कोणता?’ असं कुठलाच दुकानदार विचारत नाही. ही सोय एका व्यापारी भांडणातून आली आणि तिचा लाभ आपल्या गालांना आजतागायत मिळतो आहे.

वस्तऱ्याचा धाक कमी करायचा पहिला गाजलेला प्रयत्न पॅरिसचा. झाँ-झाक पेरे या चाकू-सुऱ्या घडवणाऱ्या कारागिरानं अठराव्या शतकात वस्तऱ्याला लाकडी आडोसा बसवला आणि स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर १७६९ मध्ये पुस्तक लिहिलं. पुढे १८८० मध्ये अमेरिकेत काम्फे बंधूंनी छोट्या दांड्याच्या सेफ्टी रेझरचं पेटंट घेतलं. त्यांचं पातं मात्र जाडच होतं. ते काढून चामड्यावर परजावं लागे.

पातं वापरावं आणि टाकून द्यावं, ही कल्पना १८९५ मध्ये किंग कँप जिलेटला सुचली. पण कागदासारख्या पातळ पोलादाला पाणी द्यायचं कसं आणि धार धरवायची कशी, हे कुणालाच जमत नव्हतं. ते विल्यम निकरसन या यंत्रज्ञानं जमवलं. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. १५ नोव्हेंबर १९०४ ला पेटंट मिळालं. त्या ब्लेडला तीन गोल भोकं होती. मधलं दांड्याच्या स्क्रूसाठी, बाजूची दोन खुंट्यांसाठी. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेडं घेतली गेली. घरी परतलेल्या सैनिकांबरोबर ही सवयही घरोघर गेली.

१९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि तीन भोकांचं ब्लेड कुणीही काढू लागलं. जिलेट कंपनी नव्या घडणीच्या तयारीला लागली. तेवढ्यात ऑटोस्ट्रॉप कंपनीच्या हेन्री गेसमननं ‘प्रोबॅक’ नावाचं ब्लेड आणि त्याचा रेझर आणला. त्यातली हुशारी खाचेत होती. प्रोबॅकचं ब्लेड जिलेटच्या जुन्या रेझरमध्ये बसे, पण जिलेटचं तीन भोकांचं ब्लेड प्रोबॅकच्या रेझरमध्ये बसत नसे. १९३० मध्ये जिलेटनंही खाचेचं ब्लेड आणलं तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि सूत्रं गेसमनकडे गेली. छाटलेले कोपरेही तेव्हाचेच. रेझर हातातून पडला की डोक्याचा कोपरा वाकायचा, तिथे ब्लेड उचललं जायचं आणि केस ओढले जायचे. त्यावर उपाय म्हणून ब्लेडचे कोपरेच काढून टाकले. जुन्या रेझरचा स्क्रू नि दोन खुंट्या आणि नव्या रेझरमधली पट्टी, हे सगळं सामावणारी ती खाच जगभर रूढ झाली.

याचा मोठा फायदा भारतातल्या कारखानदारांना झाला. रेझर कुणाचाही असो, आपलं ब्लेड त्यात बसणार हे ठरलेलंच होतं. या धंद्यात मल्होत्रा कुटुंबानं कोलकात्यापासून ठाण्यापर्यंत बस्तान बसवलं. ‘सुपरमॅक्स’ ब्लेडं काढणारी विद्युत मेटॅलिक्स ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली. भारत, पनामा, टोपाझ, सेव्हन ओ’क्लॉक ही नावं पानाच्या टपरीवरही ऐकू येत.

ब्लेडं सगळी बसतात, पण सगळी सारखी लागत नाहीत. रेझरचं डोकं ब्लेडला कमानीसारखं वाकवून घट्ट धरतं. धार किती बाहेर येते आणि खालच्या पट्टीपासून किती लांब राहते, यावर रेझरचा स्वभाव ठरतो. धार झाकून धरणाऱ्या मवाळ रेझरला जपानच्या फेदरसारखं तिखट ब्लेड शोभतं. धार उघडी ठेवणाऱ्या रेझरमध्ये तेच ब्लेड नवख्याला रक्त काढेल. तिथे जरा सौम्य ब्लेड बरं. पण सौम्य म्हणजे बोथट नव्हे. बोथट ब्लेड केस ओढतं, मग आपण हाताचा जोर वाढवतो आणि कातडी सोलवटते. १९६०च्या दशकात गंज न धरणारं पोलाद आणि धारेवरचा टेफ्लॉनचा थर आला. ब्लेड जास्त टिकू लागलं आणि चेहऱ्यावरून हलकं सरकू लागलं.

सलूनमध्ये या खाचेला आणखी एक काम मिळालं. न्हावी ब्लेड कागदासकट चिमटीत धरतो आणि मधोमध वाकवतो. खाचेमुळे मध्ये पोलाद थोडंच उरलेलं असतं, ब्लेड कट्‌कन दुभंगतं. अर्धं वस्तऱ्यात जातं, अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी राहतं. एड्सची भीती पसरल्यावर ‘नवीन ब्लेड टाका’ हे वाक्य खुर्चीत बसता बसता म्हटलं जाऊ लागलं. न्हाव्यावाचून दाढी व्हावी म्हणून जन्मलेलं पातं असं त्याच्याच हातात सुरक्षित वस्तरा होऊन आलं.

१९७१ मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं आणि ज्याचा दांडा त्याचंच पातं असा बंदोबस्त झाला. त्यात सोय आहे, हे खरं. पण निवड गेली, आणि आपल्या कातडीला काय मानवतं हे कंपनी ठरवू लागली. दुधारी ब्लेडमध्ये ते आपल्या हाती आहे. म्हणून दाढी जळजळत असेल तर रेझर फेकू नका. तोच ठेवा, साबण तोच ठेवा, फक्त ब्लेड बदला आणि प्रत्येकाला चार-पाच दाढ्यांची संधी द्या. १९३०च्या त्या भांडणानं ही मुभा दिली आहे, आणि ती अजूनही काही रुपयांत मिळते.