एरेनफेल्स आणि ग्रँडे बेट

‘एरेनफेल्स’ हे जर्मन मालवाहू जहाज. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच ते तटस्थ पोर्तुगीज गोव्यातील मुरगाव बंदरात आश्रयाला आले. ‘ब्राउनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ आणि इटालियन ‘आन्फोरा’ हीही तेथेच अडकली होती. एरेनफेल्सवरील बिनतारी यंत्रावरून जर्मन पाणबुड्यांना ब्रिटिश जहाजांची खबर जाते, असा इंग्रजांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या पहाटे कलकत्ता लाइट हॉर्स व कलकत्ता स्कॉटिश या हौशी पलटणींतील माणसे ‘फीबी’ या बार्जवरून येऊन एरेनफेल्सवर चढली. झटापटीत कप्तान मारला गेला. जहाज शत्रूहाती पडू नये म्हणून खलाशांनीच ते बुडवले आणि बाकीच्या तिन्ही जहाजांनाही त्यांच्याच माणसांनी आगी लावल्या. तटस्थ बंदरातील ही चढाई ब्रिटनने दीर्घकाळ गुप्त ठेवली.

ही जहाजे बंदरात बुडाली. गोव्यातले आजचे स्कूबा डायव्हिंग चालते ते बंदराबाहेर, ग्रँडे बेटालगत, म्हणून तेथील बुडालेल्या जहाजांच्या अवशेषांना ही कथा चिकटवू नये. बेटाभोवती पाणी उथळ, नवशिक्यालाही झेपणारे. मात्र नद्यांच्या गाळाने ते अनेकदा गढूळ असते आणि पावसाळ्यात डायव्हिंग बंद राहते. बुडालेली सगळीच जहाजे इतक्या उथळ पाण्यात नसतात. श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळ ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी बुडवलेली ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका मात्र सुमारे ५० मीटर खोल आहे. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर असल्याने तेथे विशेष प्रशिक्षण लागते आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे लागते.