डिव्हाइस ड्रायव्हरांच्या स्तररचनेतील संदेशवहन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम आणि डिस्क, कळफलक, नेटवर्क यांसारखी उपकरणे यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. असे अनेक ड्रायव्हर एकावर एक रचल्यास प्रत्येक स्तर स्वतंत्रपणे लिहिता व बदलता येतो. परंतु प्रत्येक विनंती सर्व स्तरांतून न्यावी लागत असल्याने वेळ खर्ची पडतो. हा खर्च कसा कमी करण्यात आला आणि त्यासाठी काय गमवावे लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकाच कक्षेतील स्तर

बेल प्रयोगशाळेतील डेनिस रिची यांनी १९८४ मध्ये युनिक्ससाठी ‘स्ट्रीम’ ही रचना मांडली. तत्पूर्वी टर्मिनलवरील मजकूर एकेक अक्षराने हाताळला जात असे आणि त्यावर प्रक्रिया करणारे घटक एकमेकांवर रचणे शक्य नव्हते. रिची यांनी अक्षरांचे गट करून संदेश बनविले. एका घटकाकडून दुसऱ्याकडे संदेशाची प्रत न पाठविता केवळ त्याचा स्मृतीतील पत्ता पाठविला जाऊ लागला.

१९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने हेच तत्त्व निराळ्या पद्धतीने अवलंबिले. प्रत्येक विनंतीसाठी एकच पॅकेट तयार होई व त्यात प्रत्येक स्तरासाठी स्वतंत्र रकाना असे. ज्या ड्रायव्हरला काहीच करावयाचे नसेल, तो आपलाच रकाना खालच्या ड्रायव्हरला वापरू देई. फाईलमधील मजकूर आधीच स्मृतीत उपलब्ध असल्यास पॅकेटही न बनविता थेट वाचनाची सोय होती.

या दोन्ही रचनांतील बचत एका गृहीतकावर आधारलेली होती. ते म्हणजे सर्व स्तर कर्नलच्या एकाच स्मृतिकक्षेत नांदतात व परस्परांवर पूर्ण विश्वास ठेवतात.

विलगतेचा प्रश्न

मायक्रोकर्नलच्या पुरस्कर्त्यांना हे गृहीतक मान्य नव्हते. ड्रायव्हर कर्नलबाहेर, स्वतंत्र कक्षेत असावेत, असे त्यांचे मत होते. मात्र कार्नेगी मेलन विद्यापीठातील ‘माक’ प्रणालीचे संदेशवहन मंद असल्याने विलगता मुळातच खर्चिक असते, असा समज दृढ झाला. जर्मन संशोधक योखेन लिडके यांनी १९९३ मध्ये त्यास छेद दिला. ५० मेगाहर्ट्‌झच्या ४८६ संगणकावर लहान संदेशासाठी माकला ११५ मायक्रोसेकंद लागत, तर त्यांच्या एल-३ प्रणालीस सुमारे ५. म्हणजेच दोष विलगतेचा नसून तिच्या अंमलबजावणीचा होता.

तरीही व्यवहारात प्रवाह उलट दिशेने वाहिला. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये वेगासाठी चित्रांकनाचा भाग व त्याचे ड्रायव्हर कर्नलमध्ये हलविण्यात आले.

परिणाम आणि निष्कर्ष

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-ड्रायव्हरने सदोष अद्ययावत माहिती वाचताना स्मृतीची मर्यादा ओलांडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. विमानसेवा व रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. तो ड्रायव्हर कर्नलच्या कक्षेत असल्याने एका स्तराची चूक संपूर्ण प्रणालीस भोवली.

यावरून असे दिसते की, प्रती टाळणे व अनावश्यक स्तर वगळणे ही खरी काटकसर होय. स्तरांमधील भिंत काढून मिळविलेला वेग मात्र उसनवारीचा असतो. लिडके यांच्या कार्यानंतर ही उसनवारी अपरिहार्य होती, असे म्हणता येत नाही.