अळंबी : पावसाळी रानमेव्यापासून रोजच्या आहारापर्यंत

पावसाळा स्थिरावला की सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना अळंबीची चाहूल लागते. गोव्यात रोयणीवर उगवणाऱ्या अळम्यांना चढा भाव मिळतो. चोर्ला घाट ओलांडून खानापूर-बेळगाव भागात गेल्यावर तिलाच मराठीत ‘अळंबी’, तर कन्नडमध्ये ‘अणबे’ म्हणतात. मनुस्मृतीने कवकांना अभक्ष्य ठरविले; तरीही श्रावणात मांसाहार वर्ज्य करणाऱ्या अनेक घरांत अळंबीचा रस्सा आवडीने शिजतो.

अळंबीच्या पोषणमूल्यांविषयी अतिशयोक्ती बरीच होते. ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. १०० ग्रॅम पांढऱ्या बटण अळंबीतून सुमारे २२ किलोकॅलरी ऊर्जा आणि ३ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यामुळे ती डाळी-उसळींची जागा घेऊ शकत नाही. त्यांना जोड मात्र उत्तम देते. मेद व सोडियम अत्यल्प. पोटॅशियम, सेलेनियम, तंतू आणि रायबोफ्लेविन, नायसिन ही ब गटातील जीवनसत्त्वे चांगल्या प्रमाणात, हे तिचे खरे बळ. चिरलेली अळंबी काही वेळ कडक उन्हात ठेवल्यास तिच्यातील अर्गोस्टेरॉलपासून ड जीवनसत्त्व तयार होते. ब-१२ साठी मात्र शाकाहारी व्यक्तींनी तिच्यावर विसंबू नये.

वाळवीच्या वारुळावरील अळंबीची शेती अद्याप व्यावसायिक पातळीवर साधलेली नाही. वाळवी आणि बुरशी यांच्या सहजीवनातून ती उगवते. छत्री उमलण्याआधीच सगळी खुडली तर बीजाणू पसरण्याची संधी हुकते. रानातील ओळखही सोपी नाही. चांदीचे नाणे काळे पडले नाही किंवा किड्याने खाल्ली म्हणजे अळंबी निर्धोक, हे समज निराधार आहेत. काही विषारी जातींचे विष शिजवूनही नष्ट होत नाही आणि लक्षणे सहा तासांहून अधिक काळाने दिसतात. तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते. अळंबी खाल्ल्यावर उलट्या-जुलाब झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे आणि उरलेली अळंबी सोबत न्यावी.

लागवडीची धिंगरी अळंबी हा यावरचा सुरक्षित पर्याय आहे. बटण अळंबीच्या काढणीसाठी १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमान लागते. धिंगरी २० ते ३० अंशांत वाढते. खानापूरच्या भातशेतीतील पेंढा आणि निपाणी परिसरातील सोयाबीनचे भुसकट हा तिचा कच्चा माल. तो भिजवून, गरम पाण्यात निर्जंतुक करून, निथळल्यावर पिशवीत स्पॉनसह थरांनी भरतात. ओलावा व खेळती हवा राखल्यास तीन-चार आठवड्यांत पहिली काढणी होते. उरलेल्या भुशाचे खत होते.

ताजी अळंबी लवकर खराब होते, ही खरी अडचण. म्हणून बाजारपेठ जवळ हवी किंवा वाळवण्याची सोय हवी. बेळगावची भाजी गोव्याच्या ताटात रोज पोहोचते. त्याच वाटेने धिंगरीही येऊ शकते. तसे झाल्यास रानातील वारुळांवरचा ताण थोडा हलका होईल.